भयपट सुचवावा, पण त्यातले भय सांगू नये

झॅक क्रेगर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'बार्बेरियन' हा २०२२ सालचा अमेरिकी भयपट ज्यांनी काहीही माहीत नसताना पाहिला, त्यांना तो दुसऱ्याला दाखवल्यावाचून राहवत नाही. मात्र सुचवताना दोन वाक्ये जास्त बोलली गेली, तर समोरच्याचा निम्मा आनंद तिथेच संपतो.

कथा सांगायची ती केवळ पहिल्या प्रसंगापुरती. नोकरीच्या मुलाखतीसाठी डेट्रॉइटला आलेली टेस नावाची तरुणी पावसाळी रात्री भाड्याने घेतलेल्या घरी पोहोचते, तर तेच घर कीथ नावाच्या एका अनोळखी तरुणालाही दिलेले असते आणि तो आधीच आत मुक्कामाला असतो. परक्या पुरुषासोबत त्या छपराखाली रात्र काढावी की नाही, हा प्रश्न एवढा खरा आणि ओळखीचा आहे की ऐकणाऱ्याची उत्सुकता जागी होण्यास तो पुरेसा ठरतो. यापुढे एक शब्दही बोलू नये.

कीथची भूमिका बिल स्कार्सगार्ड यांनी केली आहे, हे सांगण्यास हरकत नाही. 'इट' या २०१७ सालच्या चित्रपटातील त्यांचा भयंकर विदूषक ज्यांनी पाहिला आहे, ते साहजिकच संशय घेऊन बसतात, आणि तो संशय सोबत असणे या चित्रपटाच्या पथ्यावरच पडते. तो खरा की खोटा, याविषयी मात्र चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नये. बाकीच्या कलाकारांची यादी वाचून दाखवण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी चूक मला वेगळीच वाटते. 'पुढे जबरदस्त कलाटणी आहे, बघच' असे आपण निरागसपणे सांगतो, आणि त्या क्षणापासून प्रेक्षक पात्रांसोबत घाबरण्याऐवजी कलाटणी कुठे येणार याचा हिशेब मांडू लागतो. त्याऐवजी 'माझ्यासाठी एवढे कर, ट्रेलर न पाहता बघ' अशी विनंती करावी.

गुप्तता पाळताना माणसाची काळजी विसरता कामा नये. या चित्रपटात रक्तरंजित हिंसा आहे, लैंगिक अत्याचाराचे संदर्भ आहेत, आणि अंधाऱ्या, कोंदट जागांचा त्रास होणाऱ्यांना तो फार जड जाईल. हे कोणत्या प्रसंगी आणि कोणाबाबत घडते ते न सांगता, काय आहे एवढेच स्पष्ट सांगता येते, आणि ते सांगितलेच पाहिजे. ऐकणाऱ्याने नको म्हटले, तर आग्रह न करता दुसरे काही सुचवावे.

चित्रपट पावणेदोन तासांच्या आत संपतो. म्हणून तो रात्री, दिवे मालवून, फोन दूर ठेवून एका बैठकीत पाहण्यास सांगावे. सोबत बसणार असाल, तर ठरावीक प्रसंग जवळ आला की त्यांच्या तोंडाकडे पाहू नका. तुमची नजर वळली, की त्यांना सुगावा लागलाच.