सोलापुरात एकटी, कडेवर बाळ, आणि टॉयलेटला लागली तर

सोलापुरात नवीन आलेल्या आयांसाठी लिहितेय, खास करून ज्यांचं सासर माहेर दोन्ही लांब आणि नवरा दिवसभर ड्युटीवर. मी मूळची चिपळूणची. २०१६ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो, आधी विजापूर रोडला भाड्याने, मग जुळे सोलापूरला घर घेतलं, मुलगी इथेच झाली. ती अगदी लहान असल्यापासून मी तिला घेऊन एकटीच फिरलेय, लसीकरण, बँक, नवी पेठ, स्टेशन, सगळं. भाडं, भाजी, शाळा याबद्दल तुम्हाला कोणीही सांगेल, पण बाळ कडेवर असताना आपल्यालाच टॉयलेटला लागली तर काय करायचं हे मला कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं, बायका आपसात पण बोलत नाहीत यावर.

सगळ्यात आधी एक गोष्ट ऐका, पाणी प्यायचं कमी करू नका. मी केलं होतं. बाहेर जायचं असलं की दोन तास आधीपासून घोटभर पाणी नाही, बाहेर असताना तर नाहीच, आणि इथला एप्रिल मे म्हणजे पारा ४२-४३ ला सहज जातो, कोकणातल्यासारखा घाम येत नाही त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं कळतच नाही. मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा मला लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, तपासलं तर युरिन इन्फेक्शन. डॉक्टर मॅडम रागावल्या आणि बरोबरच होतं त्यांचं. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, मग भर उन्हाळ्यात त्याची तहान भागणार ती तुमच्या दुधावरच ना. तुम्ही कोरड्या राहिलात तर तब्येत तुमचीच बिघडणार, आणि बाळाला सांभाळायला तर तुम्हीच. म्हणून पाणी प्यायचंच आणि जायचंही, लघवी धरून ठेवायची नाही, बाकीचं सगळं त्यानंतर.

आता पाण्याचीच दुसरी बाजू. आपल्या बऱ्याच जणींना रोज नळ येण्याची सवय असते, इथे शहराला उजनी धरणाचं पाणी येतं आणि घरच्या नळालाही काही दिवसांआड येतं, सगळे टाक्या भरून ठेवतात. मग बाहेरच्या टॉयलेटमध्ये नळ कोरडा निघाला तर नवल नाही. आत गेल्यावर बसायच्या आधी नळ सोडून बघायचा, मगच दार लावायचं. आणि धुवायच्या पाण्याने भरलेली एक लिटरची जुनी बाटली वेगळी ठेवायची, तिला लाल रिबन किंवा रबर बांधा म्हणजे पिण्याच्या बाटलीत आणि तिच्यात घोळ होणार नाही.

माझ्यावर जी वेळ आली ती अशीच. बाजारातल्या एका पैसे देऊन वापरायच्या टॉयलेटमध्ये गेले, बाहेर पाच रुपये घेतले, आत पाणी नाही, आणि त्याच क्षणी मुलीने शी केली ती डायपरच्या बाहेर माझ्या ड्रेसवर. ठेवायला जागा नाही, दाराला खुंटी नाही, पर्स दातात धरलेली. पिण्याचं पाणी होतं ते सगळं वापरलं आणि तशीच बाहेर येऊन रस्त्यावर रडायला लागले. समोर बांगड्यांचं दुकान होतं, तिथल्या मावशींनी काही न विचारता आत बोलावलं, मागे मोरी होती, बादली भरून दिली, मुलीला धुतलं, मला त्यांचा गाऊन दिला. त्या दिवसापासून मी विचारायला लाजत नाही. सोलापूरची माणसं बोलायला रांगडी वाटतात, पहिले सहा महिने मला सगळे ओरडतायत असंच वाटायचं, पण लहान लेकरू बघितलं की दार उघडतात.

कसं विचारायचं तेही सांगते. इथे मराठीसोबत कन्नड आणि तेलुगू खूप बोलतात, आणि "अक्का" हा शब्द दोन्हीकडे मोठ्या बहिणीला चालतो. दुकानात किंवा एखाद्या घराच्या दारात बाई दिसली की "अक्का, बाळाचं आवरायचं होतं, बाथरूम वापरू का" एवढंच म्हणायचं. मराठी कळली नाही तर बाटली दाखवून कन्नडमध्ये "नीर", तेलुगूत "नीळ्ळु", दोन्हीचा अर्थ पाणी. नवी पेठेत साड्यांची मोठी दुकानं आहेत, तिथे खरेदी केली नसली तरी विचारा, बहुतेक ठिकाणी काम करणाऱ्या मुलीच आत घेऊन जातात, आणि ट्रायल रूम असेल तर दूध पाजायलाही देतात.

पेट्रोल पंप विसरू नका. टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि हवा या सोयी पंपावर फुकट द्यायच्या असा तेल कंपन्यांचा नियमच आहे, पेट्रोल भरलं नाही तरी. कधी कुलूप असतं, किल्ली मागायची, संकोच करायचा नाही. हॉस्पिटलची ओपीडी, उडपी हॉटेल, बँक, हे पण बघा. मॅपवर शौचालय शोधलं की एसबीएम टॉयलेट अशी नावं दिसतात, ती स्वच्छ भारतवाली सार्वजनिक शौचालयं, त्यांचे फोटो आणि रिव्ह्यू बघून जा, आणि जमेल तेवढं सकाळी जा, धुतलेली असतात.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्षाची चौकशी करा. रायगडाचा कडा उतरून तान्ह्यासाठी घरी गेलेल्या हिरकणीच्या नावानेच एसटीने ही बाळाला पाजायची खोली ठेवलीय. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय तेव्हापासून लेकरं घेऊन एकट्या निघणाऱ्या किती जणी दिसतात, त्यामुळे ही खोली उघडी असणं फार गरजेचं आहे. मला एका स्टँडवर ती बंद मिळाली होती, कंट्रोलरकडे जाऊन ठामपणे सांगितलं तेव्हा उघडली. रेल्वे स्टेशनला तिकीट दाखवून लेडीज वेटिंग रूममध्ये जा आणि गाडीत चढायच्या आधीच सगळं उरकून घ्या. पुण्याला हुतात्मा किंवा इंद्रायणीने जाताना हलत्या गाडीत बाळ घेऊन टॉयलेटला बसू नका, तोल जातो. शेजारी लेकुरवाळी बाई बघून सुरुवातीलाच ओळख करून ठेवायची, जायच्या वेळी सीटवर तिच्याकडे दोन मिनिटं बाळ द्यायचं, चालत्या डब्यात हे मला ठीक वाटतं. स्टँडवर, बाजारात मात्र अनोळखी हातात बाळ द्यायचं नाही म्हणजे नाही, कितीही गोड बोलत असलं तरी.

मग बाळ घेऊन बसायचं कसं? बरीच सार्वजनिक टॉयलेट भारतीय पद्धतीची, बाळ पुढे बांधलेलं असेल तर गुडघ्यात अडकतं, खाली वाकवत नाही. आमच्या शेजारच्या अक्का घरी विड्या वळायच्या, चार लेकरं वाढवलेली बाई, त्यांनी मला जुन्या सुती साडीने बाळ पाठीवर बांधायला शिकवलं, एक पदर बाळाच्या बुडाखालून आणि एक काखेखालून घेऊन पुढे छातीवर घट्ट गाठ. पण हे मान नीट धरायला लागल्यावरच, आणि आधी घरी पलंगाजवळ दहा वेळा करून बघा, कोणीतरी मागे उभं असताना. मान धरत नाही तोपर्यंत बाळ पुढेच, आणि तेव्हा कमोड असलेली जागाच शोधायची, हॉस्पिटलला बहुतेक मिळते.

कपड्यांचं पण सांगते कारण इथेच अडतं. नाडीची सलवार नको, एका हाताने गाठ सुटत नाही आणि बांधता तर येतच नाही, इलॅस्टिकची पँट आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला बांधा, ओल्या फरशीला लागते. बॅग खांद्यावरची नको, गळ्यातून आडवी घालायची. मोबाईल बॅगेत आणि चेन बंद, माझ्या मैत्रिणीचा भांड्यात पडलाय. कडी लागत नसेल तर त्या टॉयलेटमध्ये जाऊच नका, दुसरं बघा.

डायपर बदलायला टेबल शोधत बसू नका, मला तरी इथे क्वचितच दिसलंय. सोलापुरी टॉवेल घ्या, जाडसर सुती, दोन ठेवा. एक खाली अंथरायला, एक पुसायला, धुतला की इथल्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळतो. जागा म्हणून मला सगळ्यात आवडते ती रिक्षाची मागची सीट. "मामा, पाच मिनिटं सावलीत थांबवा, बाळाचं बदलते" म्हटलं की थांबतात, मामा स्वतःच खाली उतरून बाजूला उभे राहतात, थांबायचे दहा वीस रुपये जास्त द्या. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं रेक्झिन तापलेलं असतं, हात लावून बघूनच टॉवेल टाका. बेसिनच्या कट्ट्यावर बाळ कधी झोपवू नका, ओलं असतं, घसरतं.

जानेवारीत गड्डा भरेल, सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर पाळणे, दुकानं, जायचंच, बघण्यासारखं आहे. पण पहिल्या वर्षी बाळ घेऊन एकटीने संध्याकाळच्या गर्दीत नको, दुपारी जा, घरून निघताना जाऊन या आणि दीड तासात परत या.

आणि वापरलेला डायपर भांड्यात टाकायचा नाही, खिडकीतून मागे तर अजिबात नाही, तुंबलेलं टॉयलेट पुढच्या बाईला बंद मिळतं आणि ती पण बाळ घेऊनच आलेली असते. कागदात गुंडाळा, वर लाल पेनने ठिपका म्हणजे कचरा उचलणाऱ्या ताईंना कळतं, दोन जाड पिशव्यांत घालून गाठ मारून बॅगेत ठेवा आणि घरी आल्यावर घंटागाडीला वेगळा द्या. मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात जुने पेपर आणि लाल पेन कायम ठेवते, अजूनही काढलेला नाही, कारण बरोबरच्या कुणालातरी लागतोच.