टॉवेलचा कंटेनर न्हावा शेवा बंदराला धाडण्याआधी

आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), बँकेचा एडी कोड (कस्टम्सकडे नोंदवायचा बँकेचा क्रमांक), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) हे झालंय असं धरतो. नसेल तर आधी तेच करा. एलयूटी दर आर्थिक वर्षी नवा लागतो, एप्रिलमध्ये हटकून विसरतात.

बुकिंगच्या कागदावर जहाजाचा जो गेट कटऑफ (कंटेनर बंदराच्या गेटातून आत घ्यायची शेवटची वेळ) असतो, तो त्या कागदाच्या तारखेपुरता खरा. गाडी सोलापूर सोडायच्या आधी तो पुन्हा विचारायचा. आत्ताच कुठंतरी लिहून ठेवा, मी पुढे आणखी दोन-चारदा सांगणार आहे.

ऑर्डर घेताना भाव ठरतो, डिझाइन ठरतं, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) ठरतं, ते कुणाला शिकवायला नको. न ठरता राहतं ते एवढंच की मधल्या काळात समोरच्या देशानं आयातशुल्क वाढवलं तर ते कुणाच्या अंगावर. एफओबीवर (जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी आपली) माल दिला म्हणजे शुल्क गिऱ्हाइकाचं, हे कागदावर खरं. प्रत्यक्षात गिऱ्हाईक फोन करून म्हणतं, निम्मं तुम्ही सोसा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. म्हणून एक ओळ लिहून घ्या आणि ईमेलवर होकार घ्या. तोंडी नको.

सुताचं आता नुसत्या काउंटवर (जाडी-बारकाईच्या नंबरावर) भागत नाही. अमेरिकेत २०२२ पासून चीनमधल्या शिनजियांगच्या कापसावर सक्त बंदी आहे, त्यामुळे कापूस कुठला, गिरणी कुठली, लॉट कुठला, असं शेपूट तिकडचं गिऱ्हाईक मागत जातं. पाईलचं (टॉवेलवरच्या फंद्यांचं) सूत एका लॉटचं, ताण्याचं दुसऱ्याचं, आणि बिलं तिसऱ्याच्या कपाटात, हा आपल्याकडचा नेहमीचा कारभार. लॉट नंबर बीमच्या (ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या) चिठ्ठीवरच टाकायला लावा. आणि सायझिंग-डायिंगवाले (सुताला खळ लावणारे, रंगवणारे) छोटे उद्योग म्हणून नोंदलेले असतील तर त्यांचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्या. मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. तुमचा सीए हे मार्चमध्ये सांगेल, तेव्हा उशीर झालेला असतो.

तारखा मांडताना सोलापूरचं कॅलेंडर समोर ठेवा. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात माग चालतील असं धरू नका. आषाढी वारीत पुणे-सोलापूर रस्त्यावर पालखीसाठी वाहतूक वळवतात, ट्रेलर तर आधी अडवतात. त्या दिवसांत प्रवासाला एक दिवस जास्त धरा.

पावसाळ्यात माल भरणार असाल तर टॉवेल ड्रायरमधून काढून गरमागरम पॉलिबॅगेत कोंबू नका. सुती माल हवेतली ओल ओढतोच. गरम माल बंद केला की पिशवीच्या आत घाम धरतो आणि महिनाभर समुद्रात राहून काळे ठिपके पडतात. रात्रभर पसरा. कार्टन भिंतीला टेकवून ठेवू नका.

रिकामा कंटेनर आला की हमालांना लगेच चढू देऊ नका. स्वतः आत जा, दारं बाहेरून बंद करायला सांगा आणि अंधारात दोन मिनिटं उभे राहा. छताला सुईएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. तेवढ्यात वासही घ्या. आधी मसाला किंवा रसायन गेलेलं असेल तर तो वास टॉवेलात शिरतो आणि धुऊनही जात नाही. ड्रायव्हर हसतो, हसू द्या. कंटेनर खराब वाटला तर तिथंच फोटो काढून परत करा. ओल शोषणाऱ्या पिशव्या वरून टांगायच्या, खाली ठेवून उपयोग नाही.

आता कटऑफ. गेल्या वर्षीची, २०२५ च्या श्रावणातली गोष्ट. अमेरिकेनं जाहीर केलं होतं की ७ ऑगस्टच्या आत जो माल जहाजावर चढेल आणि ५ ऑक्टोबरच्या आत तिकडं पोहोचून कस्टम्समधून सुटेल, त्याला नवा २५ टक्के दर लागणार नाही, जुने १० टक्केच. आमचं जहाज ५ तारखेला, कटऑफ सोमवारी ४ तारखेच्या संध्याकाळी. शनिवारी माल भरला, ई-सील (कस्टम्सचं इलेक्ट्रॉनिक सील) लावलं, रात्री गाडी निघाली. मी निवांत झोपलो. रविवारी चारच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, आत घेईनात."

जहाजानं आधीचं एक बंदर वगळलं होतं, ते लवकर येत होतं आणि कटऑफ रविवारी दुपारी बारावर आला होता. तसा ईमेल शुक्रवारी रात्री नऊलाच आला होता, माझ्याच इनबॉक्सात. मी तो सोमवारी उघडला. चार तासांनी हुकलं. पुढचं जहाज १२ तारखेला. दरम्यान ६ तारखेला आणखी २५ टक्के जाहीर झाले, २७ ऑगस्टपासून लागू. त्यातून सुटायला २७ च्या आधी जहाजावर चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत तिकडं सुटायला हवा होता. आमचा त्यानंतर पोहोचला. ५ तारखेच्या जहाजानं गेला असता तर त्या आत पोहोचला असता. १० च्या जागी ५० टक्के. निम्मे मी सोसले.

तर कटऑफ पुन्हा विचारा. रिकामा कंटेनर यार्डातून उचलताना विचारा, सील लावायच्या आधी विचारा, गाडी सुटताना विचारा, गाडी पनवेलला पोहोचली की विचारा. फॉरवर्डरला (जहाजाचं बुकिंग करून देणाऱ्याला) फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निळ्या टिकांवर विसंबू नका. कागदपत्रांचा, व्हीजीएमचा (भरलेल्या कंटेनरच्या वजनाच्या दाखल्याचा) आणि गेटचा असे तीन वेगळे कटऑफ असतात, तिन्ही विचारा. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाताहेत. फेरी लांबली की वेळापत्रक पुढे सरकतं, मग ते भरून काढायला एखादं बंदर गाळतात. जहाज उशिरा येतं हे सगळ्यांना माहीत आहे. लवकरही येतं, हे मला माहीत नव्हतं. रविवारचा ईमेल रविवारीच बघायला एक माणूस नेमा, आणि तो सुट्टीवर असेल तर दुसरा.

गाडीचं थोडक्यात. ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) २०० किलोमीटरला एक दिवस चालतं, इथून बंदरापर्यंत साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. गाडी वाटेत अडकली तर मुदत संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्यातच वाढवता येते. फॉर्म १३ (कंटेनर बंदरात आत न्यायचा कागद) गाडी पोहोचायच्या आधी तयार हवा. व्हीजीएमचं वजन अंदाजानं टाकू नका, कार्टन ओले-सुके असतात.

जहाज सुटल्यावर बीएल (जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती) नीट वाचा, गिऱ्हाइकाच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा. कागद बँकेत द्या. शिपिंग बिल (कस्टम्सला दिलेला निर्यातीचा कागद) आणि जीएसटीतले आकडे जुळवा. पैसे आले की ईबीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) काढा. बाकी सीएला विचारा.

आमचा पुढचा कंटेनर शनिवारी भरायचा होता. कटऑफ सोमवारी सकाळी दहा, असं फॉरवर्डर आज दुपारी म्हणाला. आज सकाळी त्यानंच सोमवारी संध्याकाळी सहा सांगितलं होतं. आता माल शुक्रवारीच भरून गाडी काढतोय.