रिटच केलेला फोटो कुणाला दाखवायचा, काय विचारायचं

रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोतले दोष संगणकावर सुधारणं, शिकायला लागलं की पहिले काही महिने एकच प्रतिक्रिया मिळते: "मस्त झालाय!" घरचे म्हणतात, मित्र म्हणतात, ज्याचा फोटो आहे तोही म्हणतो. सगळं तोंडदेखलं कौतुक असतं असंही नाही, बहुतेकांना फोटो खरंच आवडलेला असतो. पण त्यातून पुढच्या कामासाठी हाती काही लागत नाही. मी नाशकात लग्नाच्या फोटोग्राफरांसाठी पोर्ट्रेट रिटच करते. हीलिंग ब्रश (डाग पुसून तिथे शेजारची त्वचा भरणारं हत्यार) कसा चालवायचा हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. केलेल्या कामावर दुसऱ्याकडून उपयोगाचं काही वदवून कसं घ्यायचं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही.

आधी फाइलचं बघा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्वचेचा बारीक पोत सगळ्यात आधी जातो. समोरचा म्हणतो, "स्किन जरा मऊ झालीय." मग तुम्ही फोटोत नसलेला दोष दुरुस्त करत बसता. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि एसआरजीबी (स्क्रीनसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत) करून पाठवा. अॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतली फाइल बऱ्याच ठिकाणी फिकी, मरगळलेली दिसते. बघणाऱ्याला फोनचा आय कम्फर्ट मोड बंद करायला सांगा. तो चालू असेल तर अख्खी नवरी हळदीची दिसते. तुमचा स्वतःचा मॉनिटरही 6500 केल्विन (पांढऱ्याची छटा) आणि गॅमा 2.2 (मधल्या छटांचा उजळपणा) ला कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजून जुळवलेला असू दे, नाहीतर रंगाबद्दलची चर्चाच फुकट.

दुसरं म्हणजे सोबत मूळ फोटो द्यायचा की नाही. रिटचिंग जाणणाऱ्याला जरूर द्या, शिवाय फोटो कशासाठी आहे तेही सांगा. अल्बमच्या पानावरचा, स्थळासाठीचा आणि दागिन्यांच्या जाहिरातीतला, या तिन्ही फोटोंना तीन वेगळे हात लागतात. (पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्याला हातच लावायचा नाही, तो विषय तिथेच संपला.) पण ज्याला यातलं काही कळत नाही त्याला आधीचा-नंतरचा असं शेजारी शेजारी कधीच दाखवू नका. तो फरक बघतो, फोटो बघत नाही. आणि फरक दिसला की "नंतरचाच छान" हे ठरलेलं. त्याला फक्त तयार फोटो द्या आणि 'कसा वाटला' न विचारता विचारा, "हिचं वय काय असेल?" किंवा "पहिल्यांदा नजर कुठे गेली?" पस्तिशीच्या बाईला कुणी बावीस म्हणालं तर हात कुठे जास्त चाललाय हे न बोलता कळतं. नजर डोळ्यांवर न जाता गालावरच्या एखाद्या गुळगुळीत पट्ट्यावर गेली, तर तेही कळतं.

एक उदाहरण जवळून सांगते, कारण यात अभिप्राय ऐकायचा कसा ते नीट दिसतं. नवरीचा फोटो, खिडकीचा उजेड, 85 एमएमची लेन्स, हिरवी पैठणी, नाकात नथ. त्वचेचं काम स्वच्छ झालेलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "परफेक्ट." नवरीची आई म्हणाली, "आजारी दिसतेय गं पोरगी." मोठी बहीण म्हणाली, "लिपस्टिक अजून लाल करा." दोघींचं बोलणं वेगळं, पण दोघींना खुपत होतं चेहऱ्याच्या खालच्या भागातलंच काहीतरी. झूम करून बघितलं तर हनुवटीच्या खालून जबड्यापर्यंत पैठणीचा हिरवा उजेड चढलेला. सावलीत तो चटकन ओळखू येत नाही, पण डोळ्याला खटकतोच. ओठ फिके नव्हतेच, शेजारच्या हिरव्यामुळे ओठांभोवतीची त्वचा मेलेली वाटत होती. उपाय सोपा: वर एक रिकामा लेअर (फोटोवरचा पारदर्शक थर), ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) कलर, गालाच्या सावलीतला रंग उचलून मऊ ब्रशने वीस-तीस टक्के ओपॅसिटीने (म्हणजे तेवढाच ठळक) जबड्याखाली फिरवायचा. कलर मोडमुळे सावलीचा गडदपणा जागचा हलत नाही, फक्त रंग बदलतो. लिपस्टिकला हात लावला नाही. आईला परत दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आता कशी तरतरीत दिसते." हिरव्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आधीही आणि नंतरही.

म्हणून सांगते, लोकांनी सुचवलेला उपाय बाजूला ठेवा आणि तक्रार कुठल्या जागेबद्दल आहे तेवढं टिपून घ्या. चार जणांनी चार उपाय सांगितले आणि चौघांचं बोट एकाच जागेवर असलं, तर दुखणं तिथेच आहे.

नेहमी येणारी काही वाक्यं आता पाठ झालीत. "प्लास्टिक वाटतंय" म्हटलं की नवखा लगेच त्वचेचा पोत परत आणायला धावतो, वरून ग्रेनसुद्धा (बारीक दाणे) टाकतो. पण पुष्कळदा पोत जागेवरच असतो. गेलेला असतो तो गालाचा, कपाळाचा उठाव. फ्रिक्वेन्सी सेपरेशन करून (पोत वरच्या आणि रंग-उजेड खालच्या लेअरवर वेगळा काढून) खालच्या लेअरवर लॅसोने तुकडे निवडून ब्लर मारत सुटलं की उजेड-सावलीच्या मधल्या पायऱ्या सपाट होतात, आणि सपाट चेहऱ्यावर छिद्रं कितीही नीट दिसली तरी तो पुतळाच. दोन कर्व्ह्ज लेअर (उजळपणा बदलणारे) घ्या, एक उजळ, एक गडद, दोघांचे मास्क काळे करा म्हणजे ते झाकले जातात, पांढऱ्या ब्रशचा फ्लो (एका फटक्यात उतरणारा रंग) दोन-तीन टक्के ठेवा आणि डॉज-बर्नने, म्हणजे हवं तिथे उजळ-गडद करत, उठाव परत भरा. वेळ जातो, पण दुसरा चांगला रस्ता मला तरी माहीत नाही.

"थकलेली दिसते" हे डोळ्यांखालच्या काळेपणाबद्दल असतं, पण तो पूर्ण पुसायचा नाही. वेगळ्या लेअरवर हील करून त्याची ओपॅसिटी निम्म्यावर आणली की बहुतेक वेळा भागतं. "डोळे भुतासारखे" म्हणजे बुबुळाभोवतीचा पांढरा भाग चुन्यासारखा झालाय. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असतेच, ती ठेवा.

"चेहरा चिकटवल्यासारखा" ही तक्रार आली तर हात आणि गळा बघा. हिरवा चुडा भरलेले हात सावळे आणि चेहरा दोन शेड गोरा, हे आपल्याकडच्या अल्बममध्ये इतकं दिसतं की लोकांना त्याची सवय झालीय. "थोडं उजळ करा" ही मागणी तर रोजची. माझं उत्तर ठरलेलं आहे: प्रकाश उजळवते, माणूस नाही. चेहरा, गळा, हात एकत्र उचलायचे, आणि त्वचेच्या आकड्यांवर नजर ठेवायची. आपल्या त्वचेत आरजीबीमध्ये लाल सर्वांत वर, मग हिरवा, मग निळा, आणि सीएमवायके (छपाईच्या शायांचे आकडे) वाचलं तर पिवळा मॅजेंटाच्या थोडा वर. हा क्रम मोडला की चेहरा गुलाबी किंवा राखाडी पडतो. बहुतेक घरं एवढ्यावर खूश होतात. जी होत नाहीत, त्यांचं काम दुसरं कुणी आनंदाने करतं.

ज्याचा फोटो आहे त्याचं मत घ्यायचंच, पण त्याची एक गंमत माहीत हवी. माणूस स्वतःला ओळखतो तो आरशातून, म्हणजे उलटा. 1977 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. त्यामुळे "माझं नाक वाकडं आलंय" असं कुणी म्हणालं की लगेच लिक्विफाय (आकार ढकलून बदलणारं हत्यार) उघडू नका. तोच फोटो आडवा उलटून दाखवा. बऱ्याचदा "हां, हा बरोबर आहे" असं उत्तर येतं आणि तुमचा अर्धा तास वाचतो. उलटलेला फोटो अल्बममध्ये मात्र लावायचा नाही, मंगळसूत्राच्या वाट्यांपासून पदरापर्यंत सगळं उलटं होतं आणि एखादी आत्या ते पकडतेच. नाक खरंच मोठं दिसत असेल तर फोटो फार जवळून काढलाय का ते फोटोग्राफरला विचारा. मोबाइलवरच्या फोटोंचं हे नेहमीचं आहे.

लिक्विफायने अंग बारीक करण्याबद्दल माझं मत कडक आहे. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग असं बदललं तर फोटो रिटच केल्याचं छापावं लागतं, नॉर्वेतही जाहिरातींसाठी जुलै 2022 पासून तसाच नियम आहे. आपल्याकडे घरगुती अल्बमला कुणी विचारत नाही, पण ज्याचं अंग आहे त्याला विचारल्याशिवाय मी ते बदलत नाही. नवऱ्याने किंवा सासूने सांगितलं तरी नाही.

तसंच कायमच्या खुणांचं. मुरुम, डास चावल्याची गांधी, हळदीचा कानामागे राहिलेला डाग, हे आठवड्यात जाणारं सगळं काढायचं. तीळ, देवीचे व्रण, भाजल्याची जुनी खूण, हे विचारून. आणि आजीबाईंच्या फोटोवर एका क्लिकचं ऑटो रिटच चालवण्याआधी कपाळ आणि हनुवटी बघा. तिथलं गोंदण सॉफ्टवेअरला डाग वाटतं. गोंदणाचे तीन ठिपके गेले की फोटोतली बाई कितीही छान दिसो, नातवंडं म्हणतात, "ही आमची आजी नाही." हा अभिप्राय मिळण्याची वाट बघायची गरज नाही. नथीच्या मोत्यांजवळ आणि मुंडावळ्यांच्या सावलीतही ऑटोवर विश्वास नको, हीलिंग तिथे कडेचा रंग ओढून घेतं.

सल्ला कधी थांबवायचा? जाणकाराकडून एक फेरी, घरच्यांकडून एक फेरी, बास. त्यानंतर येणारी मतं एकमेकांना खोडायला लागतात, आणि दोन्ही बाजूंना खूश करायला गेलात की फोटो कुणाचाच राहत नाही. पैसे घेऊन काम करत असाल तर दुरुस्त्यांच्या फेऱ्या आधीच लिहून द्या. प्रत्येक फेरीची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, लेअर फ्लॅट करू नका, म्हणजे एकात मिसळू नका. "पहिलाच बरा होता" हे वाक्य कुठल्याही क्षणी येऊ शकतं.

मोठ्या प्रिंटला देण्याआधी त्याच लॅबमधून, त्याच कागदावर एक छोटी प्रिंट काढून घ्या. स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त ठेवून काम केलेलं असेल तर कागदावर सगळं अंधारं उतरतं आणि डोळ्यांखालचा जो काळेपणा तुम्ही निम्मा ठेवला होता तो पुन्हा पूर्ण दिसतो. ती प्रिंट दिवसाच्या उजेडात घरातल्या कुणाच्याही हातात द्या. काही विचारू नका. बोट कुठे जातं ते बघा आणि त्या जागेची फाइल उघडा.