ओव्हरक्लॉकिंगमध्ये या चुका टाळा: प्रोसेसरला दोष देण्याआधी रॅम बघा

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला पीसी अधूनमधून रीस्टार्ट व्हायला लागला, की सल्ला ठरलेला असतो: ‘व्होल्टेज थोडं वाढव.’ माझं म्हणणं, आधी रॅम बघा.

उदाहरणाला बी४५० मदरबोर्ड आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर ही जोडी घेऊ. बोर्ड २०१८चा, प्रोसेसर २०२२चा. सॉकेट एकच, एएम४, त्यामुळे प्रोसेसर बसतो. पण बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) जुना असेल तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. प्रोसेसर दुकानात परत न्यायच्या आधी बोर्ड कंपनीच्या साइटवरची सीपीयू सपोर्टची यादी उघडा, त्यात सांगितलेल्या आवृत्तीचा बायोस टाका. अपडेटच्या मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो, म्हणून पीसी यूपीएसवर हवा. ए३२० बोर्डवर मात्र प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोयच नाही. इंटेलकडे नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला बोर्ड, दोन्ही लागतात.

आता रॅम. ५६००साठी एएमडीचा अधिकृत रॅम वेग ३२०० (मेगाट्रान्स्फर प्रति सेकंद). पाकिटावर ३६०० लिहिलेली रॅम एक्सएमपी (पाकिटावरचा वेग लावणारं बायोसमधलं तयार सेटिंग) चालू करून त्या वेगाला नेली, की तेही ओव्हरक्लॉकिंगच झालं. बरेच जण एक्सएमपी आणि प्रोसेसरचा मल्टिप्लायर (त्याचा वेग ठरवणारा गुणक) एकाच बैठकीत बदलतात, मग क्रॅश कुणामुळे झाला ते कळणार कसं? आधी फक्त एक्सएमपी लावा, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, मगच प्रोसेसरला हात लावा. रॅमच्या दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या रॅमच्या दोन किट एकत्र लावून पूर्ण वेगाची अपेक्षा धरू नका. चालल्या तर नशीब.

व्होल्टेजची चूक जास्त महागात पडते. ऑटोवर असताना रायझन हलक्या कामात क्षणभर १.४ व्होल्टच्या वर जाताना दिसतो. तो आकडा बघून लोक तोच कायमचा भरून टाकतात. हलक्या कामात तेवढं चालतं, कारण करंट कमी असतो. सगळे कोअर पूर्ण लोडवर असताना तेच व्होल्टेज घातक. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि उष्णताही तशीच.

उष्णतेवरून आठवलं: डिसेंबरात नागपुरात ‘स्टेबल’ ठरलेलं सेटिंग मे महिन्यात तसं राहीलच असं नाही. खोली वीस अंशांनी तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. चाचणी दुपारी, एसी बंद ठेवून घ्या.

खरं तर ५६००वर मल्टिप्लायर अडकवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. सगळे कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर बांधले, तर एकट्या कोअरचा ४.४पर्यंतचा बूस्ट गमावता. त्यापेक्षा पीबीओ (प्रोसेसरला स्वतःहून जास्त बूस्ट करू देणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (उणे आकडा देऊन प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) बरे. फक्त इथे फसगत वेगळी: उणे आकडा फार खाली नेला, तर सिनेबेंच ही पूर्ण लोडची चाचणी सुरळीत पार पडते आणि पीसी नुसता पडून असताना रीस्टार्ट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदी दाखवणारं साधन) ‘WHEA-Logger’ची १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यातल्या ‘APIC ID’ या क्रमांकावरून कुठला कोअर कुरकुरतोय ते कळतं. त्याच कोअरचा आकडा शून्याकडे आणा.

चुकीच्या सेटिंगमुळे डिस्प्लेच येईना, तर प्लग काढा, बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतो.