कामाचे फोन सुरक्षित कसे करावेत: सुरुवात ओटीपीपासून

फोनच्या सुरक्षेचा विषय निघाला की कोणीतरी पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव काढतंच. तो धोका खोटा नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलमधल्या त्रुटीतून सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं गेलं होतं. पण दहा-वीस माणसांच्या व्यवसायाला बुडवायला एवढी महागडी हेरगिरी कोण करणार? तिथे घात होतो तो टॅक्सीत विसरलेल्या फोनमुळे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर तसाच चालू राहिलेल्या ईमेलमुळे आणि सगळे ओटीपी मालकाच्या एकाच नंबरवर येत असल्यामुळे.

१. यादी करा. कोणाच्या फोनवर कामाची कोणती खाती आहेत, फोन कंपनीचा की स्वतःचा, एवढं लिहा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांकही टिपून घ्या.

२. सेटिंगमध्ये सुरक्षा पॅचची, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या शेवटच्या अपडेटची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल आणि नवा अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर कामाचं काहीही नको. ‘तसा चांगला चालतो’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

३. किमान सहा आकडी पिन लावा आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नाहीतर फोन कुलपात आणि ओटीपी बाहेर, अशी गत.

४. सिमलाही पिन लावा, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो. आधीचा पिन माहीत नसेल तर अंदाजाने मारू नका. तीन वेळा चुकलात की पीयूके, म्हणजे सिम उघडण्याचा कोड मागितला जातो आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

५. आता खरं काम: ओटीपी एसएमएसवरून हलवणं.

एसएमएस नंबरच्या मागे जातो आणि नंबर भामट्याच्या हाती जाऊ शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नंबर असाच पळवून त्यांच्याच ट्विटर खात्यावरून भलतेसलते मजकूर टाकले गेले. म्हणून फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरायचं. इथवर सगळेच सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही, आणि मी तिथेच आपटलो.

मोठ्या हौसेने सगळी खाती ॲपवर नेली. काही महिन्यांनी नवा फोन घेतला, फोटो आणि संपर्क उतरवले आणि जुना फोन फॉरमॅट करून देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी ईमेलने कोड मागितला. तो तयार करणारी गुप्त चावी फक्त जुन्या फोनमध्ये होती. ॲप हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड होते, पण ते ठेवले होते त्याच ईमेलमध्ये! एक खातं परत मिळायला अकरा दिवस गेले, दुसरं मिळालंच नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी कोणालाही मोडू देत नाही. एका वेळी एकच खातं, आणि पहिलं ईमेलचं, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. काम संगणकावर करा आणि शेवटपर्यंत तिथून साइन आउट होऊ नका. खात्याच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेटर ॲप निवडून पडद्यावर क्यूआर कोड आला की तो एका नव्हे, दोन फोनवर स्कॅन करा. दोन्हीकडे सारखाच आकडा दिसला पाहिजे. तो साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू ठेवा. मग बॅकअप कोड कागदावर छापून कुलपात टाका. त्यांचा स्क्रीनशॉट काढलात तर सगळी मेहनत पाण्यात.

आता वेगळ्या ब्राउझरमध्ये ॲपच्या कोडने एकदा आणि छापलेल्या कोडने एकदा, असं दोनदा आत शिरून बघा. वापरलेला छापील कोड खोडा. हे जमल्यावरच एसएमएसचा नंबर काढायचा. ‘आधी जुनं बंद करा’ असा सल्ला देणाऱ्याने स्वतः हे कधी केलेलं नसतं. आणखी एक मेख: पासवर्ड विसरल्यास वापरायचा नंबर बऱ्याच ठिकाणी वेगळ्या पानावर असतो. तो तसाच राहिला तर मागचं दार उघडंच.

ॲपवरचा कोडही खोट्या पानावर फसवून घेता येतो. म्हणून पैशांचे व्यवहार आणि ॲडमिनची खाती पासकीवर, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने उघडणाऱ्या चावीवर न्या, कारण ती वेबसाइटच्या खऱ्या पत्त्याशिवाय चालतच नाही. ‘तुम्हीच लॉगिन करताय का?’ अशा सूचना येत असतील, तर आपण न मागितलेली सूचना नाकारायची आणि लगेच ऑफिसला फोन करायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा सूचनांचा मारा करून अखेर ‘हो’ म्हणायला लावलं होतं.

६. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या ॲपचा वेगळा कप्पा लावा. माणूस सोडून गेला की तेवढाच भाग पुसता येतो, त्याच्या घरच्या फोटोंना हात लागत नाही.

७. मेसेजमधून आलेल्या फाइलवरून ॲप टाकायला बंदी घाला. असं ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ परवानगी मागून पडदा वाचतं आणि स्वतःच बटणं दाबतं. अँटिव्हायरसचा विचार यानंतर करा.

८. तालीम करा. एका शुक्रवारी स्वतःचा फोन बंद करून कपाटात ठेवा आणि तो हरवला असं समजून कामाला लागा. क्रम असा: दुसऱ्या संगणकावरून फोन पुसण्याचा आदेश, सगळीकडून साइन आउट, पासवर्ड बदल आणि मग सिम बंद. बहुतेक जण धावत आधी सिम बंद करतात. पण मोबाइल इंटरनेट तुटलं की पुसण्याचा आदेश फोनपर्यंत पोचणार कसा? ओटीपी एसएमएसवर येत नसतील, तर सिम आणखी दहा मिनिटं चालू ठेवणं परवडतं.