पीथमपूर धारचं की इंदूरचं? आयात-निर्यातीचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

बी.कॉम. झालेली किंवा इंदूरच्या खंडवा रोडवरच्या विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलेली आपली मराठी मुलं-मुली दरवर्षी भेटतात. राजेंद्रनगर, रामबाग, लोकमान्यनगर, सगळीकडची. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, एक्स्पोर्ट-इम्पोर्टमध्ये करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी इंदूरमध्ये कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं करते. बाजारात आम्हाला अजूनही सगळे सीएचए (कस्टम हाउस एजंट) असंच म्हणतात. मी उत्तर देते ते असं: आधी एक शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी कस्टम्सकडे भरायचा कागद, नीट वाचायला शिका. राज्याची निर्यात, देशाची तूट, व्यापारतोल हे वर्तमानपत्रातले मोठाले आकडे शेवटी याच कागदातून तयार होतात. कागद कळला की आकड्यावर किती विसंबायचं हेही कळतं.

मोठे आकडे आधी सांगून टाकते, म्हणजे आवाका लक्षात येईल. २०२४-२५ मध्ये मध्य प्रदेशातून साधारण ६६ हजार कोटी रुपयांचा माल परदेशी गेला. त्याच वर्षी देशाची मालाची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती आणि आयात सुमारे ७२० अब्ज डॉलर, म्हणजे तूट २८३ अब्जांच्या आसपास. देशाच्या निर्यातीत आपल्या राज्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आतच बसतो. समुद्र नसलेल्या राज्याच्या मानाने मला तो कमी वाटत नाही. यादीत सर्वांत वर औषधं. मग सोयाबीनची पेंड, सूत आणि कापड, सिंगरौलीकडचं ॲल्युमिनियम, मंडीदीपकडचा बासमती. हे सगळं आर्थिक वर्षाचं, एप्रिल ते मार्च. कॅलेंडर वर्षाचा आकडा याच्याशी जुळवायला बसलात तर दिवस वाया जाईल.

आता कागदाकडे येऊ. शिपिंग बिलात प्रत्येक मालापुढे दोन रकाने असतात: मालाचं मूळ राज्य आणि मूळ जिल्हा. फेब्रुवारी २०२० पासून हे भरणं सक्तीचं झालं. आमच्याकडे नवीन लागलेली एक मुलगी औषधांच्या एका मालाचं बिल भरत होती. म्हणाली, "ताई, कारखाना पीथमपूरचा आहे, म्हणजे जिल्हा इंदूरच टाकते." मी म्हटलं, "नाही गं, पीथमपूर धार जिल्ह्यात. धार टाक." तिला खरंच वाटेना. इंदूरमधून बस भरून माणसं रोज तिथं कामाला जातात, कंपन्यांची ऑफिसं इंदूरमध्ये, २००३ मध्ये सुरू झालेल्या एसईझेडचं (विशेष आर्थिक क्षेत्राचं) नाव 'इंदूर एसईझेड', मग जिल्हा धार कसा? पण तसंच आहे. आणि हा गुंता आपल्यापुरता नाही. लोक ज्याला भोपाळचं मंडीदीप म्हणतात ते रायसेन जिल्ह्यात आहे. म्हणून जिल्हावार तक्त्यात धार आणि रायसेन एवढे वर का दिसतात याचं नवख्यांना नवल वाटतं, आणि इंदूरचा आकडा बघून ते म्हणतात, "एवढाच?" इंदूरची अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल तर इंदूर आणि धार एकत्र वाचा, त्याशिवाय चित्र खरं होत नाही.

त्याहून नाजूक भाग व्यापारी निर्यातदाराचा. कारखाना धारचा, पण माल विकत घेऊन बाहेर पाठवणारी फर्म मुंबईची. तिचा आयईसी (आयात-निर्यातदाराचा सरकारी कोड) मुंबईच्या पत्त्यावर, जीएसटी नंबर महाराष्ट्राचा, माल न्हावा शेवाहून निघणार. बिल भरणाऱ्याने घाईत मूळ राज्यातही महाराष्ट्र टाकलं, की माळव्यातल्या कामगारांनी बनवलेला माल आकड्यांत दुसऱ्या राज्याच्या खात्यावर जातो. डॉलर तेवढेच येतात, कर बुडत नाही, म्हणून कुणी ओरडत नाही. पण उद्या याच आकड्यांवरून कुठल्या जिल्ह्याला कंटेनर डेपो हवा, कुठं चाचणी प्रयोगशाळा हवी, हे ठरतं. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना हा रकाना दोनदा तपासायला लावते. कुणाला ते फार काटेकोर वाटतं, वाटू दे.

माल कसा निघतो तेही एकदा डोळ्यांनी बघून या. कारखान्यातच कंटेनर भरला जातो, त्याला आम्ही स्टफिंग म्हणतो. ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लागतं, कंटेनर पीथमपूर किंवा तिहीच्या इनलँड कंटेनर डेपोत येतो, तिथं कस्टम्सचा लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर न्यायची परवानगी, मिळतो आणि मग रेल्वेने किंवा ट्रेलरने न्हावा शेवा नाहीतर मुंद्रा. ज्याने हा प्रवास पाहिला आहे त्याला एफओबी आणि सीआयएफ, या मालाची किंमत मोजायच्या दोन पद्धती, पाठ कराव्या लागत नाहीत. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरतात, म्हणजे इंदूर ते बंदर हे सहाशे-आठशे किलोमीटरचं भाडंही त्यात आलं. सीआयएफमध्ये पुढचं समुद्राचं भाडं आणि विमा मिळवतात. आपल्या देशाची निर्यात एफओबीवर मोजतात आणि आयात सीआयएफवर. त्यामुळे व्यापारतोलाच्या तुटीत जहाजभाड्याचाही हिस्सा मिसळलेला असतो, आणि म्हणूनच आपण अमुक देशाला पाठवलेल्या मालाचा आपला आकडा आणि त्या देशाने नोंदवलेला आकडा कधीच तंतोतंत जुळत नाही. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

या भागाचा व्यापार समजून घ्यायला एकच वस्तू निवडायची तर मी सोयाबीन निवडेन. सोया प्रोसेसर्सची देशपातळीवरची संघटना, सोपा, इंदूरमध्येच आहे आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इथंच. शंभर किलो सोयाबीन प्लांटमध्ये गेलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड उरते. पेंडीला बाजारात डीओसी (डी-ऑइल्ड केक) म्हणतात, एचएस कोड, म्हणजे वस्तू ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, २३०४. ही डीओसी कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. देशात लागते तेवढी लागते, उरलेली बाहेर जाते. आपलं सोयाबीन जीएम (जनुकीय बदल केलेलं) नसल्याने युरोपातले काही ग्राहक तिला थोडा जास्त भाव देतात. पण ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त झाली की आपली बुकिंग थंडावते. तेलाचं उलट. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून बरंच जास्त बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या घरात: पाम इंडोनेशिया-मलेशियाहून, सोया तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफूल रशिया-युक्रेनहून. म्हणजे त्याच दाण्याचा एक भाग आपण विकतो आणि दुसरा भाग कमी पडतो म्हणून विकत आणतो. पुस्तकातला व्यापारतोल मला पहिल्यांदा खरा कळला तो सोया प्लांटच्या वजनकाट्यापाशी उभं राहून. एका फाटकातून पेंडीचे ट्रक बाहेर पडत होते आणि रस्त्यावर गुजरातकडून आलेले तेलाचे टँकर रांगेत होते.

आणि ही वस्तू कायम एकाच बाजूला राहते असंही नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांपर्यंत चढला, पोल्ट्रीवाले हवालदिल झाले आणि ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जीएम पेंड आयात करायला परवानगी दिली. निर्यात करणारा देश त्या वर्षी तीच वस्तू आणत होता. २०२१ चा आकडा पुढच्या-मागच्या वर्षांशी ताडून बघाल तेव्हा ही गोष्ट माहीत असायला हवी, नाहीतर आलेख चुकीचं काही सांगेल.

आयातीच्या बाजूला मात्र सावध राहा. कांडला-मुंद्र्याला उतरलेलं कच्चं पाम तेल तिथंच रिफाइन होतं, मग टँकरने सियागंजच्या व्यापाऱ्याकडे येतं. इंदूरमध्ये त्याची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) कुणीच भरत नाही, इथं दिसतं फक्त जीएसटीचं बिल. तुरीचं तसंच. इंदूर हे डाळ मिलचं मोठं केंद्र. म्यानमार, मोझांबिक, टांझानियाची तूर इथल्या मिलमध्ये भरडली जाते आणि देशभर जाते. पण आयात करणारी फर्म बहुतेक वेळा मुंबईची किंवा चेन्नईची, मिलवाला तिच्याकडून देशी बिलावर माल घेतो. म्हणून निर्यातीतून आयात वजा करून 'मध्य प्रदेशाचा व्यापारतोल' कुणी काढून दाखवला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: आयात कोणत्या पत्त्यावर मोजली? बंदराच्या, आयातदाराच्या, की जिथं माल शेवटी वापरला गेला त्या गावाच्या? राज्याला स्वतःची कस्टम्सची सीमा नसते, त्यामुळे या प्रश्नाचं सरळ उत्तर क्वचितच मिळतं. शिवाय गुजरात-महाराष्ट्राशी चालणारा आपला रोजचा व्यापार या तक्त्यात येतच नाही, आणि आयटी कंपन्यांची सॉफ्टवेअर निर्यातही मालाच्या आकड्यात नसते, तिचा हिशेब सेवांमध्ये वेगळा.

तूट म्हणजे वाईट, हे मात्र मनातून काढून टाका. पीथमपूरच्या औषधांसाठी लागणारा कच्चा माल बऱ्याच प्रमाणात चीनहून येतो. तो आला नाही तर आफ्रिकेला, अमेरिकेला जाणाऱ्या गोळ्याही बनणार नाहीत. त्या आयातीकडे पुढच्या निर्यातीची तयारी म्हणून बघा. ॲडव्हान्स ऑथोरायझेशन नावाची योजना हेच धरून चालते: निर्यातीच्या मालात लागणारा कच्चा माल ड्युटी न भरता आणा आणि ठरलेली निर्यात करून दाखवा. ही फाइल नीट सांभाळता येणारा माणूस औषध कंपन्यांना कायम हवा असतो.

आणखी एक सवय लावून घ्या, सरकारी अधिसूचना वाचायची. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ ड्युटी शून्यावरून २० टक्के झाली, मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आली. दोन्ही वेळा छावनी मंडीत दुसऱ्या दिवशी दुसरी चर्चा नव्हती. त्याहून मोठा धडा १३ मे २०२२ चा. त्या वर्षी मध्य प्रदेशचा गहू जोरात कांडल्याकडे निघाला होता आणि एका रात्रीत निर्यातबंदी आली. ट्रकच्या ट्रक बंदराबाहेर अडकले. पण अधिसूचनेतच लिहिलं होतं की त्या तारखेपर्यंत उघडलेली अपरिवर्तनीय एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैसे देण्याची हमी) असेल तर माल जाऊ शकेल. ज्यांच्या फाइलमध्ये एलसीची प्रत आणि तारीख पहिल्या पानावर होती त्यांना लगेच बोलता आलं. बाकीचे बँकेला फोन करत बसले. अधिसूचनेचं शेवटचं कलम, संक्रमणकाळाची सवलत, ते आधी वाचा.

आता करिअरचं. काम चार-पाच ठिकाणी मिळतं: सीएचए, फ्रेट फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था करणारे), औषध आणि सोया कंपन्यांचे निर्यात विभाग, बँकांचे ट्रेड फायनान्स डेस्क, आणि थोडंफार सल्लागारांकडे. पहिली दोन वर्षं मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या सीएचएकडे काढा असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या ठिकाणी तुम्हाला एकच खिडकी मिळते, इथं एचएस कोड शोधण्यापासून बँकेतून ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) येईपर्यंत सगळं हातातून जातं. पगार सुरुवातीला कमीच असतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. पुढे ब्रोकरकडे काम करणाऱ्यांसाठीचं कस्टम्सचं जी कार्ड आणि मग एफ कार्डची परीक्षा, ती अवघड आहे, पण पास झालात तर स्वतःचं लायसन्स घेता येतं. तोपर्यंत खर्च-जोखीम कुणाची हे सांगणारे इन्कोटर्म्स २०२० आणि एलसीचे नियम यूसीपी ६०० वाचून ठेवा, एक्सेल पक्कं करा. ऑफिसात बोलणं हिंदीत, कागद इंग्रजीत, तेव्हा इंग्रजीची भीती असेल तर ती याच वर्षी घालवा. बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बँक कागद परत पाठवते.

घरबसल्या सरावाला एकच काम देते. २३०४ हा कोड घ्या. वाणिज्य मंत्रालयाच्या पोर्टलवरून आणि कोलकात्याच्या डीजीसीआयएसच्या (व्यापाराचे आकडे गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) आकड्यांवरून पाच वर्षांचा वर्षवार तक्ता करा: वजन वेगळं, रुपये वेगळे, डॉलर वेगळे. वजन घटलं आणि रुपये वाढले असं वर्ष सापडलं की त्या वर्षी भावाचं काय झालं ते शोधा. मग तेच १५०७ (सोया तेल) आणि १५११ (पाम तेल) साठी, आयातीच्या बाजूने. हा तक्ता घेऊन एखाद्या ऑफिसात गेलात तर प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा त्याकडे आधी बघतील, निदान मी तरी बघते.

आणि जायचं तर दसऱ्याच्या आधी जा. नवं सोयाबीन ऑक्टोबरात मंडीत येतं, त्यानंतर डीओसीच्या बुकिंगची, फायटो सर्टिफिकेटची (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याची), कंटेनरची धांदल सुरू होते. तेव्हा ऑफिसांना हात कमी पडतात, पण शिकवायला कुणाला वेळ नसतो. सप्टेंबरमध्ये गेलात तर दोन्ही जमतं.