ट्रक-ट्रॉलीच्या टायरसाठी हवेचा कॉम्प्रेसर कसा निवडावा

जानेवारीतली रात्र. कारखान्याबाहेर नंबराला लागलेल्या आमच्या डबल ट्रॉलीतल्या मागच्या ट्रॉलीचं एक टायर बसत चाललं होतं. भाऊ घरून पिकअप घेऊन आला, सोबत नवा कोरा हवेचा पंप. खोक्यावर ठळक आकडा, १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). टायरला हव्या होत्या ८०, आत होत्या ६६. म्हटलं, आत्ता होईल. पंप लायटरच्या सॉकेटात लावला. काटा कसाबसा ७० पर्यंत सरकला आणि तिथंच रुतून बसला. वीस मिनिटांत पितळी नोजल इतकं तापलं की टॉवेल गुंडाळल्याशिवाय हात लावता येईना. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि पिकअपचा फ्यूज उडाला. पुढच्या गाड्या सरकल्या, आमचा नंबर गेला.

खोक्यावरचा आकडा खोटा होता असं मी म्हणणार नाही. तो पंप १५० चा दाब सोसू शकत असेल, पण त्या दाबाला तो मिनिटाला किती हवा ढकलतो हे खोक्यावर कुठंच नव्हतं. ट्रक, ट्रॉली, ट्रेलरसाठी कॉम्प्रेसर घेणाऱ्याला दुकानदार सगळ्यात आधी पीएसआय दाखवतो. मोठ्या टायरच्या बाबतीत तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. कसा, ते क्रमानं सांगतो.

१. आधी स्वतःच्या टायरचे आकडे लिहून काढा

दुकानात जाण्याआधी वही घ्या आणि गाडीभोवती फिरा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर साइज, प्लाय रेटिंग (टायर किती भार पेलतं त्याचा दर्जा) आणि जास्तीत जास्त वजनाला किती हवा हे कोरलेलं असतं. काही टायरांवर पीएसआयऐवजी केपीए (किलोपास्कल) असतं. त्याला ६.९ नं भागा. ८३० केपीए म्हणजे १२० पीएसआय. गेजवर बार असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. हा टायरचा वरचा आकडा झाला. गाडीला प्रत्यक्ष किती हवा ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा टायर कंपनीच्या तक्त्यात वजनानुसार दिलेलं असतं.

एकाच घरात किती फरक असतो बघा. कारला तीस-पस्तीस. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला पन्नासच्या वर. ट्रॉलीच्या ९.००-१६ टायरला त्याहून जास्त. दहा टायरी ट्रकच्या रेडियलला ११० ते १३०. आणि ट्रॅक्टरचं मागचं टायर दिसायला सगळ्यात दांडगं, पण त्याला १२ ते १८ पुरतात. त्याला दाब नको, नुसती भरपूर हवा पाहिजे. ट्रकला दाबही पाहिजे आणि हवाही. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं कोणी सांगितलं, तर त्याला तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा सांगा आणि त्या आकड्याला पंप किती हवा देतो ते विचारा.

२. ट्रकला एअर ब्रेक असतील तर कॉम्प्रेसर तुमच्याकडे आहेच

हे बघायचं अनेकांच्या लक्षातच येत नाही. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर असतो आणि बऱ्याच गाड्यांत अनलोडर व्हॉल्व्हजवळ (टाकी भरली की जादा हवा सोडणारा) किंवा ड्रायरजवळ (हवेतलं पाणी काढणारा) टायरला हवा भरायचं तोंडही दिलेलं असतं, वर टोपण लावलेलं. गाडीच्या पुस्तकात बघा किंवा मेकॅनिकला दाखवायला सांगा. तोंड असेल तर चांगला पाइप, नोजल आणि गेज एवढ्याच खर्चात वाटेवरची सोय होते.

मात्र ब्रेकच्या टाकीतली हवा साधारण ८ बारला, म्हणजे ११६ पीएसआयच्या आसपास थांबते. १२५ मागणाऱ्या टायरला ती कमी पडू शकते. आणि हवा भरून झाली की ब्रेकचा दाब पूर्ण चढल्याशिवाय गाडी जागची हलवू नका.

३. मिनिटाला किती लिटर? आणि कोणत्या दाबाला?

खरी निवड इथंच होते, म्हणून जरा हिशेब करू. १०.००-२० टायरच्या पोटात साधारण १२० लिटर जागा असते. त्यात १०० पीएसआय हवा आहे आणि १२० करायची आहे. वाढवायच्या २० पीएसआयला वातावरणाच्या १४.७ नं भागलं की १.३६ येतात. त्याला १२० लिटरनं गुणा. बाहेरची सुमारे १६५ लिटर हवा त्या टायरमध्ये कोंबायची आहे.

छोट्या पंपावर लिहिलेलं असतं, मिनिटाला ३५ लिटर. हा आकडा पाइप मोकळा सोडल्यावरचा. समोर १०० पीएसआयची भिंत उभी राहिली की त्याचे १२ लिटरही उरले तर नशीब. म्हणजे एका टायरला चौदा मिनिटं, तीही पंप न थांबता. कारच्या टायरला तोच पंप दोन-तीन मिनिटांत मोकळं करतो, म्हणून तर आपण फसतो. उलट मोकळा असताना १६० लिटर देणारा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर १०० पीएसआयला ६० लिटर देत असेल, तर तेच टायर तीन मिनिटांत होतं. दहा टायरांचा गुणाकार तुम्हीच करून बघा.

म्हणून दुकानदाराला नेमकं विचारा, ‘१०० पीएसआयला मिनिटाला किती लिटर?’ चांगल्या कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेत ० पीएसआय, ५०, १०० असा तक्ताच असतो. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट) असेल तर २८ नं गुणा, लिटर मिळतील. तक्ताच नसेल तर तो पंप कार-मोटारसायकलसाठी आहे असं समजा.

माझा ठोकताळा असा. फक्त पिकअप असेल तर मोकळा प्रवाह ७० लिटर पुरे. ट्रॉली असेल तर १०० च्या वर. ट्रक आणि मोठ्या ट्रेलरला १५० च्या खाली बघूच नका. दाबाचं म्हणाल तर तुमच्या सगळ्यात कडक टायरपेक्षा निदान २५ टक्के जास्त दाब सोसणारा असावा, म्हणजे १२० साठी १५० चा. शेवटच्या दमाला चालणारं यंत्र फार दिवस टिकत नाही.

४. वीज कुठून घेणार?

लायटरच्या सॉकेटला बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे १८० वॅट. तेवढ्या ताकदीवर ट्रकचं टायर भरायला बसणं म्हणजे यंत्राचाही छळ आणि आपलाही. मोठा कॉम्प्रेसर ३० ते ४५ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला सॉकेटची पिन नसते. बॅटरीला थेट लावायचे जाड चिमटे असतात. घेताना हे चिमटे हातात धरून बघा. स्प्रिंग घट्ट हवी, वायर करंगळीएवढी जाड हवी आणि मध्ये फ्यूज हवाच. पीएसआयचा आकडा छापायला फारसं काही लागत नाही. अँपिअर आणि वायरची जाडी बघितली की यंत्राची ताकद बरीचशी कळते.

ट्रकवाल्यांनी इथं विशेष सांभाळावं. पिकअप आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचे, पण मोठे ट्रक २४ व्होल्टचे. दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. १२ व्होल्टचा पंप २४ ला लावला तर जळतो. मग कोणीतरी शक्कल काढतो, दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेऊ. तसं वारंवार केलं की एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी जोडीच बदलावी लागते. ट्रकसाठी २४ व्होल्टचाच कॉम्प्रेसर मागा. हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

गाड्या रोज एकाच आवारात उभ्या राहत असतील, तर घरच्या विजेवर चालणारा, पट्ट्याचा, टाकीवाला कॉम्प्रेसर जास्त परवडतो. फक्त त्यावर ८ बार आहे की १० बार ते वाचा. आठवाला ११६ ला थांबतो. आणि टाकीखालची चावी उघडून साचलेलं पाणी रोज काढा. पावसाळ्यात ते किती निघतं हे एकदा बघितलं की पुन्हा आठवण करून द्यावी लागत नाही. गावात दिवसा वीज नसते, हाही विचार करा. आमच्याकडे म्हणूनच चिमट्यांचा घेतला.

५. सलग किती वेळ चालतो?

पुस्तिकेत ‘ड्युटी सायकल’ शोधा. ३३ टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं थांबायचं. छोट्या पंपांचं गणित इथंच कोसळतं. चौदा मिनिटांचं टायर आणि दहा मिनिटांची मुभा! १०० पीएसआयला अर्धा तास सलग चालणारा मिळाला तर ट्रकसाठी तो घ्या. तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असलीच पाहिजे. सिलिंडरवर धातूच्या पंख्या असाव्यात. नुसतं चकचकीत प्लॅस्टिकचं खोकं असेल तर उष्णता बाहेर जायला वाट नसते.

६. पाइप, नोजल, गेज

बॅटरीची वायर लांबवू नका, हवेचा पाइप लांबवा. लांब वायरमध्ये व्होल्ट पडतात आणि मोटर रखडते. पाइपात तसं फारसं बिघडत नाही. ४० फुटी ट्रेलर म्हणजे १२ मीटर लांबी, तेव्हा पिकअपच्या पंपाबरोबर आलेला पाच मीटरचा पाइप तिथं उपयोगाचा नाही. डबल ट्रॉलीला कॉम्प्रेसरच उचलून न्यावा लागतो, त्यामुळे वजन आणि मूठ दोन्ही उचलून बघा.

नोजल चिमट्यासारखं पकडणारं हवं, हातानं दाबून धरायचं नको. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचा वॉल (हवा भरायचं तोंड) बाहेरच्या चाकाआडून गाठायचा असतो. त्यासाठी लांब दांड्याचं, दोन्हीकडं तोंड असलेलं नोजल वेगळं घ्या. आतलं टायर हाताला लागत नाही म्हणून महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि जोडीतल्या बाहेरच्या टायरवर सगळा भार येतो.

कॉम्प्रेसरवरच्या गेजवर विसंबू नका. हवा जात असताना तो पाइपातला दाब दाखवतो. १६० पीएसआयपर्यंतचा हातातला गेज वेगळा ठेवा आणि पंप थांबवून मोजा.

७. पैसे देण्याआधी

स्वतःची स्टेपनी घेऊन दुकानात जा. स्टेपनीची हवा २० नं कमी करा, घड्याळ लावा, तो कॉम्प्रेसर तुमच्याच गाडीच्या बॅटरीला लावून भरायला सांगा. खरे लिटर तिथंच कळतात. भरून झाल्यावर नोजल काढून पाइपाला साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसले तर दुसरा नग मागा. पिस्टन रिंग, पाइप, फ्यूज सुटे मिळतात का तेही विचारा. दुकानदार तपासून बघायला नाही म्हणाला, तर मी तिथून घेत नाही.

८. कॉम्प्रेसर असूनही हवा भरायची नाही तेव्हा

हे मनापासून सांगतो. टायर ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली येऊन तसंच पळालं असेल, म्हणजे १२० च्या टायरमध्ये ९६ पेक्षा कमी, तर रस्त्यावर त्यात हवा भरू नका. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा नियमही ८० टक्क्यांचाच आहे. कमी हवेवर पळताना भिंत दुमडत राहते, आतल्या तारा तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हवा चढू लागली की ती भिंत एकदम फाटते. असं टायर उतरवून, आतून तपासूनच पुन्हा बसवायचं. आमचं त्या रात्रीचं टायर ८० पैकी ६६ वर होतं, म्हणून भरण्यासारखं होतं. ६० ला असतं तर स्टेपनीच लावायला हवी होती.

दुसरं, लॉक रिंगच्या (टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी) चाकाचं पंक्चर काढून ते पुन्हा भरायचं असेल तर ते पंक्चरवाल्याच्या लोखंडी पिंजऱ्यातच. रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी उडते. त्यानं माणसं गेली आहेत.

चढलेल्या चाकात हवा भरतानाही भिंतीसमोर उभं राहू नका. नोजल अडकवा आणि पाइपाच्या टोकाला, टायरच्या नक्षीच्या बाजूला थांबा. लांब पाइपाचा हा दुसरा उपयोग. पोरांना लांब ठेवा.

कॉम्प्रेसर घरी आला की दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी हलवायच्या आधी, सगळ्या टायरांची थंड हवा मोजून वहीत लिहा. पळून आलेल्या ट्रकच्या टायरमध्ये दहा-पंधरा पीएसआय जास्त दिसते. ती वाढ उष्णतेची असते, सोडायची नाही. आठवड्यानं पुन्हा पहाटे मोजा. सगळी टायरं एक-दोननं उतरली असतील तर काही बिघडलेलं नाही. एकच दहानं उतरलं असेल तर त्याच्या वॉलवर थुंकीचं बोट लावून बघा. बुडबुडा आला तर पिन घट्ट करा किंवा बदला, आणि वॉलला धातूचं टोपण लावा.